दीड तासाचं अंतर, आठवड्यातून तीनदा

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ मारली तर ती सुमारे ८३० किलोमीटर भरते. त्या आकड्याला जेट विमानाच्या वेगाने भागलं आणि चढण्या-उतरण्याची वीसेक मिनिटं मिळवली, की उत्तर दीड तासाच्या आत येतं. याच दोन गावांना जोडणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, नागपूर असा वळसा घेत १,३४६ किलोमीटर धावते आणि अठ्ठावीस तासांच्या आसपास वेळ घेते. एकाच राज्यात सुरू होऊन त्याच राज्यात संपणारी देशातली सर्वात लांब पल्ल्याची गाडी म्हणून ती ओळखली जाते. एका बाजूला दीड तास, दुसऱ्या बाजूला अठ्ठावीस. हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडले की पुढे बोलायला काही उरतच नाही, अशी बहुतेकांची समजूत होते. मग निवेदनं जातात, धावपट्टी वाढवण्याची मागणी होते, थेट विमानसेवेचं आश्वासन दिलं जातं. समोरचा पक्षही तयारच असतो: गावातल्या एसटी स्थानकाचं छप्पर गळतंय आणि तुम्हाला विमानं सुचतायत! वाद रंगतो, पण दोन्ही बाजू एकाच चुकीच्या आकड्याभोवती फिरत राहतात. एकाला तो आकडा मोहवतो, दुसऱ्याला तो चैनीचा वाटतो. तो तपासून मात्र कुणीच पाहत नाही.

दोन लहान विमानतळांमधलं अंतर वेळापत्रकावर मोजलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. किलोमीटर आणि उड्डाणाची मिनिटं हा त्या अंतराचा सर्वात छोटा भाग असतो. आठवड्याला किती फेऱ्या, त्या कोणत्या वेळी, पुढचं विमान किती वेळाने आणि एखादी फेरी रद्द झाली तर पर्याय काय, यावर खरं अंतर ठरतं. म्हणून प्रादेशिक विमानसेवेवर सरकारी पैसा खर्च करायचाच असेल, तर त्यातून आधी फेऱ्या विकत घ्याव्यात; धावपट्टीची लांबी आणि पहिल्या उड्डाणाचा सोहळा नंतर.

हे नुसतं मत वाटू नये म्हणून हिशेबच मांडतो. कोल्हापूर-गोंदिया अशी थेट सेवा सोमवार, बुधवार आणि शुक्रवार अशी आठवड्यातून तीनदा सुरू झाली, असं धरू. काम आठवड्यात कधीही निघू शकतं असं मानलं, तर पुढच्या विमानाची वाट सरासरी एकोणतीस तास पाहावी लागते, कारण शुक्रवारनंतर थेट सोमवार उजाडतो. त्यात दीड तासाचं उड्डाण आणि विमानतळावर पोहोचणं, तपासणी, बाहेर पडून गावात जाणं असे मिळून साडेतीन तास धरा. एकूण झाले चौतीस. महाराष्ट्र एक्सप्रेस रोज सुटते, म्हणजे तिची सरासरी वाट बारा तासांची. त्यात प्रवासाचे अठ्ठावीस मिळवले की चाळीस. कागदावर साडेसव्वीस तासांचा वाटणारा फरक सहा तासांवर येतो! त्यातही तीनपैकी एक फेरी धुक्यामुळे किंवा विमानात बिघाड झाल्यामुळे रद्द झाली, तर रेल्वे सरळ पुढे जाते. आता हेच विमान रोज उडवून पाहा. बारा आणि पाच, सतरा तास. रेल्वेपेक्षा तेवीस तास कमी. सकाळ-संध्याकाळ अशा दोन फेऱ्या केल्या तर अकरा. उड्डाणाची वेळ तिन्ही हिशेबांत तीच, दीड तास. बदलल्या त्या फक्त फेऱ्या.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. विमानाची वाट बघत कुणी विमानतळावर पथारी पसरून बसत नाही. माणसं वेळापत्रक पाहून बेत आखतात. लग्न असेल, सहल असेल, देवदर्शन असेल, तर सोमवारचं विमान आहे म्हणून सोमवारी निघायचं. त्यात एकोणतीस तास वाया गेले असं कोण म्हणेल? मान्य. ज्याला आपली तारीख स्वतः ठरवता येते त्याच्यासाठी माझा हिशेब फारच कडक आहे. पण प्रादेशिक विमानसेवेचं समर्थन पर्यटकांच्या नावाने होत नाही. ते होतं रुग्णांच्या, उमेदवारांच्या, उद्योजकांच्या, सरकारी कामासाठी खेटे घालणाऱ्यांच्या नावाने. यांपैकी कुणाला तारीख स्वतः निवडता येते? मुलाखतीची तारीख मंडळ देतं, सुनावणीची तारीख कोर्ट देतं, आणि मयताची तारीख कुणीच देत नाही. तारीख ज्याच्या हातात आहे त्याच्याही मागे परतीचा प्रश्न लागतोच. सोमवारी दुपारी तासाभराचं काम आटोपलं तरी परतीचं विमान बुधवारी. म्हणजे तासाभराच्या कामापायी दोन रात्रींचा मुक्काम, त्याचं भाडं, दुकान बंद ठेवल्याचं किंवा रजेचं नुकसान. ज्या तिकिटाच्या सवलतीची एवढी जाहिरात होते, ती सवलत लॉजवाल्याच्या खिशात जाते.

फेऱ्या वाढवायच्या कशा, तर विमान लहान करून. आणि आपली सगळी मागणी नेमकी उलट्या दिशेने चाललेली असते. आमच्या गावात एअरबस उतरली पाहिजे, त्यासाठी धावपट्टी वाढली पाहिजे, त्यासाठी जमीन घेतली पाहिजे. मोठं विमान उतरणं हा गावाचा मान. पण १८० आसनांचं जेट आठवड्यातून तीनदा येतं तेव्हा ५४० जागा मिळतात. ७० आसनांचं एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, रोज येतं तेव्हा ४९० मिळतात. जागा जवळपास तेवढ्याच, पण तीन दिवसांऐवजी सातही दिवस. एटीआर हळू चालतं हे खरं. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास त्याचा वेग, त्यामुळे आपल्या ८३० किलोमीटरला दोन तास लागतील. म्हणजे हवेत अर्धा तास गमावला आणि जमिनीवर सरासरी सतरा तास कमावले. तरीही पंख्याचं विमान म्हटलं की नाक मुरडणारे आहेतच. जेटमध्ये दर आसनामागचा खर्च कमी पडतो आणि विमान भरलं तर कंपनीला ते परवडतं, ही बाब मी नाकारत नाही. प्रश्न ‘भरलं तर’ या दोन शब्दांचा आहे. कोल्हापूरहून गोंदियाला रोजचे पावणेदोनशे प्रवासी मिळणार नाहीत, हे कंपनीलाही माहीत असतं आणि निवेदन देणाऱ्यालाही. म्हणून तर आठवड्यातून तीनदा. आणि तीनदाच असल्यामुळे ज्याला खरी गरज आहे तो रेल्वेचं तिकीट काढून मोकळा होतो, विमान रिकामं जातं, आणि वर्षभरात ‘प्रतिसाद नाही’ असं सांगून सेवा बंद होते. प्रतिसाद नव्हता, की प्रतिसाद देण्यासारखं काही समोर ठेवलंच नव्हतं?

छोट्या गावांना विमानाने जोडण्यासाठी केंद्राने आणलेल्या उडान योजनेची कहाणी या दृष्टीने पुन्हा वाचायला हवी. एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली उड्डाणाने तिची सुरुवात झाली. हैदराबाद-नांदेडही त्याच दिवशी सुरू झालेल्या मार्गांपैकी एक होता. तासाभराच्या, साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपये, ही घोषणा घरोघरी पोहोचली. विमानातली साधारण निम्मी आसनं सवलतीच्या दरात आणि कंपनीचा तोटा भरून काढायला व्हीजीएफ म्हणून तीन वर्षं सरकारी पैसा, असा तिचा साचा. हा पैसा ठरला तो अंतराच्या टप्प्यांवर आणि आसनांवर. सुरुवातीच्या नियमांत आठवड्याला किमान तीन आणि कमाल सात फेऱ्यांची चौकट होती. थोडक्यात, योजनेने किलोमीटर विकत घेतले आणि फेऱ्यांचा तळ तीनवर ठेवला. पुढे काय झालं ते कॅगच्या २०२३ च्या अहवालात आहे. उडानच्या निविदांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग वाटले गेले, त्यातले ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांपैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि सवलत संपल्यावरही, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिले अवघे ५४.

या आकड्यांवरून विरोधक म्हणतात, बघा, छोट्या गावांना विमान नकोच आहे. हा निष्कर्ष घाईचा आहे. मार्ग सुरू न होण्यामागे तयार नसलेले विमानतळ, विमानांची टंचाई, बुडालेल्या कंपन्या, मोठ्या विमानतळांवर न मिळणारे स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, अशी कारणं होती. प्रवाशाला विचारण्याची पाळीच आली नाही. पण समर्थकांचं उत्तरही तितकंच कच्चं असतं. ते म्हणतात, आधी विमानतळ तर होऊ द्या, प्रवासी आपोआप येतील. या म्हणण्याला एक भक्कम पुरावा आहे आणि तो डावलून चालणार नाही: बिहारमधलं दरभंगा. हवाई दलाच्या तळावर नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे नागरी सेवा सुरू झाली आणि बघता बघता ते उडानमधलं सर्वात गजबजलेलं ठाणं बनलं. सोय झाली आणि माणसं आली, हे तिथे अक्षरशः खरं ठरलं. मात्र दरभंगा यशस्वी का झालं ते पाहा. मिथिलेतून दिल्ली, मुंबई, बंगळुरूला कामासाठी गेलेल्या माणसांचा लोंढा आधीपासून होता. अंतरं हजार-दोन हजार किलोमीटरची होती. आणि विमानं थेट त्या महानगरांना, नेमाने जात होती. दोन छोट्या गावांना आठवड्यातून तीनदा जोडणाऱ्या मार्गाला दरभंग्याचा दाखला लागू पडत नाही. उलट बिरसीचा इतिहास पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती धावपट्टी तयार झाली. पुढे तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण केंद्र आलं, विद्यार्थी रोज उडत होते. धावपट्टी होती, विमानं होती, वैमानिक तर नको तितके होते; प्रवासी सेवेला मात्र २०२२ साल उजाडलं. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ चा, राजाराम महाराजांच्या काळातला. त्याच्या आयुष्यातही विमानाविना गेलेली वर्षं काही थोडी नाहीत. धावपट्टीने प्रवास घडतो असं असतं तर ही दोन गावं कधीच एकमेकांच्या शेजारी आली असती.

उडानच्याही आधी आपण हा प्रयोग करून बसलो आहोत, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. १९८१ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून वायुदूत ही कंपनी काढली. मूळ उद्देश ईशान्य भारताचा होता आणि तो योग्यच होता. पण मग प्रत्येक खासदाराला आपल्या मतदारसंघात वायुदूत हवं झालं. ठिकाणांची यादी फुगत गेली. जी डॉर्नियर विमानं हाताशी होती ती त्या यादीवर पातळ पसरली गेली. ठिकाणं वाढली की प्रत्येक ठिकाणच्या फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी झाल्या की भरवसा जातो, आणि भरवसा गेला की प्रवासी. १९९० च्या दशकात वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. यातून शिकायचं होतं ते एवढंच, की थोडी ठिकाणं घ्या आणि त्यांना पुरेसं द्या. आपण शिकलो ते भलतंच: नकाशावर ठिपके किती वाढले ते सांगा.

‘विमान म्हणजे श्रीमंतांची चैन’ म्हणणाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांच्या म्हणण्यातला सर्वात जड भाग अजून मी उचललेला नाही. ते विचारतात, ज्या पैशात शंभर गावांना एसटीची जादा फेरी मिळेल, तो सत्तर जणांच्या विमानावर का घालायचा? शिवाय समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटर, नागपूर ते मुंबई, आठ तासांचं आश्वासन. रस्त्याला वेळापत्रक नसतं. रात्री दोन वाजता निघावंसं वाटलं तर रात्री दोन वाजता निघा. माझ्याच मोजमापाने पाहिलं तर रस्त्याची वाट पाहण्याचा वेळ शून्य आहे, आणि आठवड्यातून तीनदा उडणाऱ्या विमानाला तो सहज हरवतो. छोट्या पल्ल्यावर विमानाचं इंधनही सर्वात उधळपट्टीने जळतं, कारण चढण्यातच बराच खर्च होतो. फ्रान्सने २०२३ पासून जिथे रेल्वेने अडीच तासांत जाता येतं अशा काही देशांतर्गत उड्डाणांवर बंदी घातली. या सगळ्यावर माझं भांडण नाही. तीनशे-चारशे किलोमीटरच्या आत, जिथे चांगला रस्ता किंवा रेल्वे आहे, तिथे विमानाला सरकारी सवलत देऊच नये असं मीही म्हणेन, मग ते गाव कितीही मोठ्या नेत्याचं असो.

पण हाच तर्क सगळीकडे लावता येत नाही. लक्षद्वीपमधल्या अगत्तीला काय सांगणार? तिथली धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची, तिच्यावर कोचीहून छोटी विमानं उतरतात, आणि पर्याय म्हणजे समुद्रातून जहाजाचा लांबलचक प्रवास. अरुणाचलच्या डोंगरातल्या गावांना काय सांगणार, जिथे नकाशावरची बोटभर रेघ घाटातून अख्खा दिवस खाते? तिथे विमान हीच एसटी आहे. शाळकरी पोरं, बाळंतीण, तपासणीला निघालेला म्हातारा, सगळे त्याच विमानात असतात. चैन की गरज हे वाहन पाहून ठरवता येत नाही. त्या जागी दुसरं काय उपलब्ध आहे हे पाहून ठरवावं लागतं. आणि कोल्हापूर-गोंदियासारख्या जोडीला, जिथे पर्याय अठ्ठावीस तासांचा आहे, तिथे काही तरी मदत न्याय्य आहे असंच मी मानतो. विदर्भाचा माणूस आणि पश्चिम महाराष्ट्राचा माणूस एका राज्यात राहतात. राज्य म्हणून त्यांना एकमेकांकडे जाता आलं पाहिजे. मदत द्यायची की नाही यावर माझा वाद नाही. ती कशासाठी मोजायची, यावर आहे.

इथे ‘थेट’ या शब्दाचा मोह आडवा येतो. थेट विमान म्हटलं की मानाचं, मध्ये बदलायचं म्हटलं की दुय्यम. खरं तर याचं उत्तर आपल्याच भूमीवर, नागपुरात, १९४९ मध्ये देऊन झालेलं आहे. त्या वर्षी रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे, मध्यरात्रीनंतर चारही नागपूरला येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या शहरी परत. विमानं बहुतेक डाकोटा, आजच्या एटीआरपेक्षा कितीतरी मंद. चार शहरांच्या सहा जोड्या होतात, त्यातली एकही या योजनेत थेट जोडलेली नव्हती. तरी संध्याकाळी दिल्लीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासेत पोहोचत असे. कशामुळे? चारही विमानांची घड्याळं एकमेकांना बांधलेली होती म्हणून. आजच्या कुठल्याही जेटला न जमलेली गोष्ट त्या डाकोटांनी वेळापत्रकाच्या बळावर केली. टपालाची पिशवी रात्री दोन वाजता नागपूरला उतरवली तरी कुरकुरत नाही, माणूस कुरकुरेल, हे खरं. पण त्या विमानांतून प्रवासीही जात होते. आणि आपण मध्यरात्रीची वेळ मागतच नाही आहोत. सकाळी सातला कोल्हापूरहून निघून मुंबई किंवा पुण्यात तासाभरात पुढचं विमान, दुपारी नागपूर, तिथून गोंदिया हा १३० किलोमीटरचा रेल्वेप्रवास. ही साखळी रोज, भरवशाने मिळाली तर कोल्हापूरचा माणूस संध्याकाळच्या आत गोंदियात असेल. राज्यात दहा छोटे विमानतळ धरले तर त्यांच्या पंचेचाळीस जोड्या होतात. पंचेचाळीस थेट मार्ग चालवण्याइतकी विमानं आणि प्रवासी कुठून आणणार? एका केंद्राला मिळणारे दहा मार्ग मात्र चालवता येतात.

पण केंद्र म्हटलं की मुंबई, आणि मुंबई म्हटलं की स्लॉट. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांमुळे तिथे एका वेळी एकच वापरता येते. सकाळच्या मोक्याच्या वेळेत सत्तर आसनांच्या विमानाला जागा देणं म्हणजे एका भरलेल्या जेटला ती नाकारणं. पुण्याला हवाई दलाच्या धावपट्टीवर पाहुण्यासारखं राहावं लागतं. छोट्या गावांची विमानं मग दुपारी दोन-तीनच्या उरल्यासुरल्या वेळेत ढकलली जातात, जेव्हा पुढचं विमान निघून गेलेलं असतं आणि सरकारी कचेऱ्यांतले साहेब जेवायला. उजळाईवाडी आणि बिरसी यांच्यामधलं अंतर अशा रीतीने मुंबईत ठरतं, आणि धावपट्टीच्या लांबीसाठी भांडणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. तिथले सकाळचे आणि रात्रीचे किती स्लॉट राज्यातल्या छोट्या विमानतळांसाठी राखून ठेवणार, हा प्रश्न विधानसभेत दर अधिवेशनात विचारला जायला हवा.

परदेशात हे कोडं कुणी सोडवलंच नाही असंही नाही. अमेरिकेने १९७८ मध्ये विमानसेवेवरची सरकारी बंधनं काढली तेव्हा छोटी गावं उघडी पडतील हे ओळखून अत्यावश्यक हवाई सेवा नावाची योजना आणली. तिच्यात गावाला साधारणपणे रोज दोन परतीच्या फेऱ्या, त्याही मोठ्या केंद्रापर्यंत, छोट्या विमानाने, अशी हमी असते. दर प्रवाशामागे पडणाऱ्या खर्चावरून तिच्यावर टीकेचे कोरडे ओढले गेले आहेत आणि त्यातले बरेच बरोबरही आहेत. पण सरकार नेमकं काय विकत घेतंय हे तरी तिथे कागदावर स्पष्ट आहे: फेऱ्या आणि पुढची जोडणी. युरोपीय संघाच्या नियमांतही अशा मार्गांसाठी सातत्य आणि नियमितता यांची अट घालता येते. नॉर्वेने तर धावपट्ट्याच मुद्दाम आखूड बांधल्या, आठशे मीटरच्या आसपास, आणि त्यांच्यावर चाळीसेक आसनांची विमानं पिढ्यानपिढ्या चालवली. तिथे कुणी एअरबसचा हट्ट धरला असता तर फ्योर्डांच्या काठची अर्धी गावं आजही बोटीची वाट पाहत बसली असती.

आणखी एक मार्ग आहे, जो विमानाच्या वादात कुणाला आठवत नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला होऊ लागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं, वकिलांच्या कित्येक दशकांच्या मागणीनंतर. या दोन्ही ठिकाणी राज्याने लोकांना वेगाने नेण्याऐवजी कामच लोकांच्या जवळ आणलं. सिंधुदुर्गातल्या पक्षकाराला आता मुंबई गाठावी लागत नाही. त्याचे वाचलेले तास कुठल्याही धावपट्टीने वाचवले नसते. गोंदियाहून कोल्हापूरला किंवा मुंबईला जाणाऱ्यांपैकी किती जण एका सहीसाठी, एका शिक्क्यासाठी, एका तपासणीसाठी जातात? तेवढे प्रवास गाळले तर उरलेल्यांसाठी रोजचं छोटं विमान पुरेल.

राज्य सरकारच्या हातात काही नाही, सगळं केंद्राचं, अशी एक पळवाट नेहमी निघते. ती खोटी आहे. उडानच्या मार्गांवरच्या व्हीजीएफमध्ये बहुतेक राज्यांचा वाटा २० टक्के असतो. या विमानतळांवरच्या इंधनावरचा व्हॅट राज्यालाच एक टक्क्यावर आणावा लागतो. जमीन राज्याची, पोलीस बंदोबस्त राज्याचा. एवढं देणाऱ्याला अट घालता येते. अट अशी असावी: मदत मिळेल ती वेळेवर झालेल्या फेऱ्यांवर, आसनांच्या संख्येवर नाही. सकाळी नऊच्या आत केंद्रात पोहोचणाऱ्या आणि संध्याकाळी सहानंतर परत निघणाऱ्या फेरीला दर जास्त, भर दुपारच्या फेरीला कमी. लागोपाठ दोन फेऱ्या रद्द झाल्या तर प्रवाशाला रेल्वेचं किंवा रस्त्याचं भाडं कंपनीने द्यावं. आठवड्याला पाचपेक्षा कमी फेऱ्यांच्या निविदेचा विचारच होऊ नये. संध्याकाळच्या परतीसाठी नाइट लँडिंगची सोय लागते, तेव्हा धावपट्टी वाढवण्याच्या पैशातून आधी दिवे आणि उतरण्याची यंत्रणा बसवावी. या अटींवर कुणीच कंपनी पुढे आली नाही तर तेही एक उत्तर आहे. मग त्या मार्गावर महाराष्ट्र एक्सप्रेसचे चार तास कमी करण्यासाठी रेल्वेच्या मागे लागावं, आणि बिरसीची धावपट्टी विद्यार्थ्यांना शिकायला आणि रुग्णवाहिका विमानाला उतरायला मोकळी ठेवावी.